पिलांची ऊब आणि राखणदाराचा श्वास



कोंबडीपालन हा आज अनेक लहान शेतकऱ्यांचा आणि शेतमजुरांचा जोडधंदा झाला आहे. या धंद्यात पुष्कळदा पहिल्या पंधरवड्यातच नफातोट्याचा निकाल लागतो. म्हणून आज मी एकच गोष्ट घेतली आहे : पिलांना ऊब कशी द्यावी आणि ती देताना आग व विषारी वायू यांपासून कसे जपावे.

प्रथम खुडूक कोंबडीकडे पाहा. पिले तिच्या पंखाखाली असतात, ऊब झाली की बाहेर येतात, चार दाणे टिपतात, थंडी वाजली की परत आत शिरतात. किती ऊब घ्यायची हे पिलू ठरवते. आई ती तयार ठेवते. ब्रूडर म्हणजे हीच आई, माणसाने केलेली. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओमूर याने १७४९ साली कृत्रिम उबवणीवर ग्रंथ लिहिला, तेव्हा अंड्यांबरोबर पिलांच्या उबेचाही विचार त्याला करावा लागला.

पिलांना ही ऊब का लागते? मोठ्या कोंबडीच्या अंगाची उष्णता सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. नुकत्याच जन्मलेल्या पिलाच्या अंगावर नुसती लव असते. उष्णता टिकवण्याची शक्ती त्याला पहिल्या दोन आठवड्यांत हळूहळू येते आणि पिसांचे पांघरूण पुरे व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. पोटातल्या बलकाच्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस अन्नावाचून काढू शकते. म्हणून तर उबवणी केंद्रातून पिले पेटीत घालून दूरवर पाठवता येतात. थंडीसाठी मात्र त्याच्यापाशी अशी कोणतीही शिदोरी नसते.

आता मांडणी. जमिनीवर दोन-तीन इंच भाताचे तूस पसरावे. भोवती दीड फूट उंचीचे पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे उभे करावे. कोपरा ठेवू नये, कारण थंडीने पिले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पिले येण्याच्या आदल्या दिवशीच ब्रूडर सुरू करावा, म्हणजे गादीही उबदार होते. तारेच्या दिव्याचा हिशेब पिलामागे एक ते दोन वॉट असा धरतात. एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन-तीन लहान दिवे बरे. एक गेला तरी सारा अंधार आणि गारठा होत नाही. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब जवळजवळ देत नाहीत. त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

पहिल्या आठवड्यात पिलाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे गादीपासून सुमारे दोन इंचांवर, ३५ अंश उष्णता असावी. पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करीत जावे. परंतु कड्याचा सगळा भाग सारखा तापवू नये. दिव्याखाली ऊब, कडेला थोडा गारवा, आणि दाणापाणी या दोहोंच्या मध्ये, अशी सोय असली म्हणजे पिलू आपली जागा आपण निवडते.

उष्णतामापक हवाच, पण शेवटची साक्ष पिलांची. दिव्याखाली गोळा होऊन ती मोठ्याने चिवचिवत असतील तर ऊब कमी आहे. कड्याला चिकटून, चोच उघडी ठेवून, पंख सोडून धापत असतील तर ऊब फार झाली. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतो आहे. सगळीकडे पांगून खातपीत किंवा निवांत झोपलेली असतील तर ठीक चालले आहे. आम्ही संघटनेची माणसे आयुष्यभर हेच सांगत आलो : कागदावरच्या आकड्याबरोबर ज्याला सोसावे लागते त्याचेही ऐका.

आता धोक्यांकडे वळू. पहिला धोका आगीचा. तूस कोरडे, त्यात पिलांची लव आणि धूळ. दिवा खाली पडला की पेट घ्यायला वेळ लागत नाही. दिवा त्याच्या वायरीवर किंवा सुतळीवर टांगू नये. साखळीवर टांगावा आणि जोडीला दुसरी साखळी असावी. २५० वॉटचा इन्फ्रारेड दिवा गादीपासून दीड फुटाच्या खाली आणू नये. त्याला तारेची जाळी असावी. धूळ पुसायची ती दिवा बंद करून, निवल्यावर.

दुसरा धोका दिसत नाही, म्हणून अधिक भयंकर. वीज गेली की शेडचे पडदे गच्च बांधायचे, आत कोळशाची शेगडी ठेवायची आणि राखणदाराने तिथेच घोंगडी पसरायची, अशी रीत ठिकठिकाणी आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखारा लालभडक आहे, धूर नाही, म्हणून धोका नाही असे समजू नये. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. पिले मरतात, माणूसही मरतो.

तेव्हा बुखारी वापरायची तर तिचे नळकांडे शेडबाहेर काढावे. पडदे खालून बंद असले तरी वरची वीतभर फट सदैव उघडी ठेवावी. गार वारा पिलांच्या डोक्यावरून जातो आणि ओल्या गादीचा अमोनियाही बाहेर पडतो. थोडी पिले असतील तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवाव्या. त्यात ना आग, ना वायू. राखणदाराची झोपण्याची जागा शेडबाहेर, वेगळी आणि हवेशीर असावी. रात्री फेऱ्या घालायच्या तर दोघांची पाळी असावी. ही मालकाची मेहरबानी नव्हे. दाण्याच्या आणि औषधाच्या खर्चाइतकाच हा धंद्याचा खर्च आहे, आणि तो हिशेबात आधी धरला पाहिजे.

पिलांना ऊब द्या, पण तिच्यापासून दूर सरकायला जागाही द्या. आणि त्यांच्यासाठी जागणाऱ्या माणसाला मोकळा श्वास द्या.