भट्टीतला याकूत : घड्याळापासून मागापर्यंत

जुन्या एचएमटी घड्याळांच्या तबकडीवर '१७ ज्वेल्स' असे छापलेले असे. ते वाचून मोडीच्या वेळी सतरा माणकांचा हिशेब मागणारे गिऱ्हाईक घड्याळजींना आजही भेटते. माणके आत असतात हे खरे, पण ती खाणीतली नव्हेत, भट्टीतली. मोडीत त्यांना काही भाव नाही. मात्र त्यांच्यावाचून घड्याळ फार दिवस नीट चालणार नाही, कारण चाकांच्या आसांची टोके त्यांतच फिरतात आणि कित्येक वर्षे झिजत नाहीत.

उर्दूत ज्याला याकूत म्हणतात तो माणिक आणि निळा नीलम हे मुळात एकाच जातीचे. दोन्ही कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड. क्रोमियमचा अंश मिसळला की लाल, लोखंड आणि टायटॅनियमचा मिसळला की निळा, आणि काहीच मिसळले नाही तर पाण्यासारखा स्वच्छ. फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ ऑगस्त व्हर्नुई यांनी १९०२ साली तो कारखान्यात करण्याची रीत जाहीर केली. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्योतीतून बारीक पूड खाली सोडायची. ती वितळून थेंबाथेंबाने खालच्या दांडीवर साचते आणि काही तासांत स्फटिकाची कांडी तयार होते. पदार्थ सुमारे २,०४० अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणजे सोन्याच्या जवळपास दुप्पट. आज मोठे ठोकळे कायरोपोलस नावाच्या दुसऱ्या रीतीने काढतात. त्याला दिवसच्या दिवस लागतात.

कठीणपणात हिरा १० तर हा ९. शिवाय अतिनील किरणांपासून अवरक्त किरणांपर्यंत, सुमारे ५ मायक्रॉनपर्यंतचा प्रकाश त्यातून आरपार जातो. कठीण आणि पारदर्शक, हे दोन गुण एकत्र क्वचितच सापडतात. म्हणून महागड्या घड्याळांची काच, दुकानातल्या बारकोड यंत्राची खिडकी आणि एलईडी दिव्यांची पायाची चकती याच पदार्थाची करतात. चरा पडत नाही, पण जोरात आपटले तर तडा जातो. घड्याळ विकणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेले बरे.

आम्हा कापडवाल्यांना या स्फटिकाचे कौतुक वेगळ्या कारणाने. पॉलिस्टरचे सूत हाताला मऊ लागते, पण तासन्‌तास वेगाने धावले की पोलादी मार्गदर्शकालाही खाच पाडते. ब्राइट सुतापेक्षा फुल डल सूत अधिक झीज करते, कारण चकाकी मारण्यासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड घातलेली असते. खाच पडली की धागा पिंजतो, तुटतो, आणि ठाण कमी भावाने जाते. त्यावर उपाय म्हणून यंत्रांत सिरॅमिकचे, आणि जिथे काम फार नाजूक तिथे कृत्रिम माणिक-नीलमाचे मार्गदर्शक बसवतात. बारीक तार ओढण्याच्या साच्यातही छिद्र पाडलेला याकूत किंवा हिरा असतो. गंमत पाहा, नीलमाला निळा रंग देणारे टायटॅनियम आणि सुताची चकाकी मारणारे टायटॅनियम एकच.

पहिला लेझरही याच याकूतातून निघाला. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी कृत्रिम माणकाच्या दांडीतून तो काढून दाखवला. पण म्हणून कापड आणि लेस कापणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेझरला नीलमाचे भिंग लावता येत नाही. त्याचा किरण १०.६ मायक्रॉनचा, आणि नीलम तो अडवतो. तिथे झिंक सेलेनाइडचे पिवळसर भिंग लागते. ते मात्र मऊ असते. कारागिराने सदऱ्याच्या टोकाने पुसले की चरे पडले म्हणून समजा. फुटल्यास तुकडे उघड्या हाताने गोळा करू नयेत, त्याची धूळ विषारी आहे.

या धंद्यात उडी घेणाऱ्यांनी एक प्रकरण जरूर वाचावे. फोनसाठी नीलमाचा माल पुरवण्याचा करार जीटी ॲडव्हान्स्ड या अमेरिकन कंपनीने २०१३ साली ॲपलशी केला, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज दिला. स्फटिक सर्वांना ठाऊक असलेला, गिऱ्हाईक जगातले मोठे, तरीही एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर उभारलेला कारखाना एका वर्षात कोसळला.

आता अंगठीच्या खड्याविषयी. आपल्याकडे याकूत आणि नीलम हौसेने घेतले जातात, आणि जयपूरला खडे घासणाऱ्यांत आपले अनेक कारागीर आहेत. भट्टीतला खडा विकणे गैर नाही. तो खाणीतला म्हणून विकणे ही फसवणूक आहे. कठीणपणा, वजन, प्रकाश वळवण्याची ताकद, सगळे दोघांचे सारखेच, कारण पदार्थ एकच. त्यामुळे घासून किंवा तोलून पाहणारा पारखी इथे चुकतो. ज्योतीच्या रीतीने केलेल्या खड्यात सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या, कमानीसारख्या रेषा आणि वायूचे बुडबुडे दिसतात. खाणीतल्या खड्यात रेषा असल्या तर त्या सरळ किंवा कोनात वळलेल्या असतात. एकही डाग नसलेला, मोठा आणि स्वस्त याकूत समोर आला तर आधी संशय घ्यावा.

बिलावर 'असली' किंवा 'जेन्युइन' एवढेच लिहून घेऊ नये, कारण भट्टीतला याकूतही रसायनाने याकूतच असतो. 'नैसर्गिक' हा शब्द आणि खड्याचे कॅरटमधले वजन लिहून घ्यावे. मोठा सौदा असेल तर मुंबई किंवा जयपूरच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा. तपासायला नेताना खडा कोंदणातून सुटा करून नेला तर बरे, मागची बाजू झाकलेली असली की त्या रेषा दिसायला अडचण होते.