संस्थान गेलं, पेन्शन राहिली

पुणे-बंगळूर महामार्गालगत कागल-हातकणंगल्याच्या ज्या शिवारात आज पंचतारांकित एमआयडीसीच्या शेड उभ्या आहेत, तो मुलूख कोल्हापूर संस्थानचा. कागल ही घाटग्यांची जहागीर. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि दरबारचा कारकून, मास्तर, फौजदार दुसऱ्या सरकारचा नोकर झाला.

संस्थानिकांचे तनखे लोकांच्या लक्षात राहिले. विलीनीकरण करारांतलं नोकरांचं कलम मात्र विस्मरणात गेलं. कायम नोकरांना आधीपेक्षा कमी नसलेल्या अटींवर कामावर ठेवायचं, नाहीतर वाजवी भरपाई द्यायची. निवृत्तांची मंजूर पेन्शन चालू ठेवायची, अशी ही भारत सरकारची हमी.

कोल्हापुरात तिचं मोल अधिक होतं. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम काढला. त्यामुळे ज्यांच्या घरात पहिल्यांदा सरकारी पगार आला, त्यांतले सुरुवातीचे 1949 पर्यंत पेन्शनीत निघाले होते, मागचे नोकरीत होते. विलीनीकरणात ही नोकरी-पेन्शन तुटली असती, तर त्या हुकमानं कमावलेलं बरंच काही बुडालं असतं.

कलम राबवणं किचकट. संस्थानचं पद मुंबई सरकारच्या कुठल्या पदाच्या बरोबरीचं? पगार कुठल्या श्रेणीत बसवायचा? ज्येष्ठता यादीत वर कोण? संस्थानातली वर्षं पेन्शनीत धरायची, तर सेवापुस्तकातली एकेक नोंद आणि तिच्याखालची सही महत्त्वाची. हंगामी माणसाला या हमीचं छत्र नव्हतं.

मोठ्यांची सोय आधी झाली. ब्रिटनबरोबरच्या जुलै 1948 च्या करारात भारतानं तिकडे अडकलेल्या आपल्याच स्टर्लिंग शिलकीतून ब्रिटिश निवृत्तांच्या पेन्शनीसाठी सुमारे 16 कोटी 80 लाख पौंड मोजले. ब्रिटिश काळातल्या आयसीएस अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींची हमी देणारं कलम 314 घटनेत आलं. ऑक्टोबर 1949 मध्ये सरदार पटेलांनी संविधान सभेत त्याची बाजू ठामपणे मांडली. पुढे पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्याच्या नोकरांसाठीही 1965 साली संसदेनं वेगळा कायदा केला.

कागलच्या पलीकडचं निपाणी 1956 साली म्हैसूर राज्यात गेलं. तिकडे वाटून दिलेल्या नोकरांच्या सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय त्यांच्या तोट्यात बदलता येणार नाहीत, हे राज्य पुनर्रचना कायद्याच्या 115 व्या कलमात घातलं गेलं. पुढे 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीनं राजांचे तनखे बंद झाले. कारकुनाच्या पेन्शनीला तिचा धक्का लागला नाही.

सेवेच्या नोंदीचं महत्त्व मात्र संपलेलं नाही. आज एमआयडीसीच्या याच शिवारातल्या कंत्राटी कामगाराची पेन्शन 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेवर आहे. त्यासाठी किमान 10 वर्षांची सेवा भरावी लागते. किमान रक्कम 2014 पासून महिना 1000 रुपये. कारखाना तोच राहतो, ठेकेदार बदलतो. अशा वेळी भविष्य निर्वाह निधीचा यूएएन नंबर तोच ठेवून मागची सेवा जोडून घेतली नाही, तर घाम गाळलेली 10 वर्षं कागदावर भरत नाहीत. ठेकेदार बदलला की त्याच महिन्यात ही जोडणी झाली का, हे कारखान्याच्या व्यवस्थापनानं आणि कामगार संघटनेनं तपासलं पाहिजे.