पाच मिनिटांचा रस्ता आणि डोक्याचा हिशेब

गतवर्षी पावसाळ्यात पालघरहून शिरगावला परतत असताना गावाजवळच्या वळणावर माझी स्कूटर घसरली. वेग बेताचाच होता. खांदा खरचटला, हेल्मेट रस्त्यावर आपटून चिरले. डोके मात्र शाबूत राहिले. घरी आल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, एवढ्याशा पडण्याने हेल्मेट फुटते कसे?" उभे आयुष्य बँकेत आकडेमोड करण्यात गेल्यामुळे हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

साधारणपणे साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके आपली मान दिवसभर तोलून धरते. चालताना, शिंकताना, पायरी उतरताना त्याला हिसके बसतच असतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांवर हे हिसके मोजले गेले. शिंकेचा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तिप्पट, तर खुर्चीत धपकन बसण्याचा दहापट भरला! तरीही सहसा इजा होत नाही. कारण हिसका क्षणभराचा असतो, शरीर तो झेलते आणि डोके कशावरही आपटत नाही.

पडण्याचा हिशेब निराळा आहे. दीड मीटर उंचीवरून पडलेले डोके रस्त्यावर अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरात थांबले, तर १५० भागिले अर्धा, म्हणजे सरासरी ३०० पट धक्का बसतो. हेल्मेटमधील थर्माकोलसारखा थर अडीच सेंटिमीटर चेपला गेला, तर तोच धक्का ६० पटींवर येतो. थर चेपण्यासाठीच असतो. म्हणून एकदा जोराने आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

या हिशेबात गाडीचा वेग कोठेही आलेला नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. उभी गाडी कलंडली तरी डोके त्याच उंचीवरून पडते. मग "बँकेत भरणा करून पाच मिनिटांत येतो" म्हणून हेल्मेट दुकानातच ठेवून निघण्याला अर्थ तो काय?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार मागे बसणाऱ्यासही हेल्मेट बंधनकारक आहे. आयएसआय चिन्ह पाहून घ्यावे आणि पट्टा आवळावा.

त्या दिवशी सौ. माझ्यासोबत येणार होती, ऐनवेळी राहिली. तिच्यासाठी आमच्या घरात हेल्मेटच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी दोन विकत घेतली.