स्मृती शाबूत असलेला स्मृतिभ्रंश

चिचगडच्या आमच्या दुकानात रोजमेळ लिहिण्याचा मान मोठ्या काकाजींचा. देवरी तालुक्यातले हे गाव छत्तीसगडच्या सीमेकडील जंगलपट्ट्यातले. धान, मोहफूल, डिंक, लाख, चारोळी यांची देवघेव, आणि तीही बरीचशी उधारीवर. गल्ल्यामागे बसलेले काकाजी गिऱ्हाइकाशी कधी मराठीत, कधी छत्तीसगडीत, तर कधी मोडक्यातोडक्या गोंडीत बोलत, घरात मारवाडीत रागावत आणि आकडे मात्र सदैव मनातल्या मनात करत. त्यांच्या रोजमेळात खाडाखोड नसे.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ती दिसू लागली. शेकड्याच्या घरातला आकडा दशकाच्या घरात उतरे. बेरीज करताना मधली एखादी ओळच डोळ्यांतून निसटे. तराजूच्या पारड्यात ठेवायचे वजन पारड्याच्या बाहेर टेकवले जाई. वर्षभरात तीन वेळा चष्मा बदलला. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला. दोन्ही डोळे उत्तम असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, आणि तरीही काकाजींना समोर ठेवलेली पेन्सिल सापडेना.

गैरसमजाला खतपाणी मिळाले ते याच ठिकाणी. कारण काकाजींची स्मृती अगदी शाबूत होती. मागच्या बाजाराला कोणी किती डिंक आणला, कोणाचे किती येणे आहे, हे ते वही न उघडता सांगत. मग वहीतच चूक का व्हावी? त्या वर्षी दिवाळीला वहीपूजनापूर्वी मेळ घालताना गल्ला आणि रोजमेळ यांच्यात मोठा फरक निघाला. ज्याला सारे आठवते त्याच्या हातून चूक होत नाही, ती केली जाते, असा बाबूजींनी अर्थ काढला. बाबूजी म्हणजे माझे वडील, काकाजींचे धाकटे बंधू. त्या रात्री जे शब्द उच्चारले गेले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. पुढच्या पाडव्याला दुकानाच्या मधोमध भिंत उभी राहिली.

स्मृतिभ्रंश आमच्या घराला नवा नव्हता. दादीजींना तो चौऱ्याऐंशीव्या वर्षी जडला होता. जेवण झाले की घटकाभराने त्या जेवणाची वाट पाहत बसत, सामायिक आटोपून उठल्या की पुन्हा आसन मागत. तरी डाळीतला खडा त्यांना अचूक दिसे आणि त्यांचे बोलणे शेवटपर्यंत गोड राहिले. हा आजार म्हणजे दादीजींसारखे विसरणे, अशी आमची पक्की धारणा झाली होती. काकाजींना तोच आजार असेल अशी शंका घरात कोणाच्याही मनाला शिवली नाही.

साकोली, भंडारा करीत नागपूर गाठले ते पुढे दोन वर्षांनी. तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी काकाजींना घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. त्यांनी वर्तुळ काढले आणि बाराचे बारा आकडे उजव्या कोपऱ्यात दाटीवाटीने मांडले. एमआरआयमध्ये मेंदूचा मागचा आणि वरचा भाग आकसलेला दिसला. स्मृतीचे केंद्र त्या मानाने भरलेले होते. “बहुधा अल्झायमरच, पण निराळ्या वाटेने आलेला,” असे ते म्हणाले. या ‘बहुधा’चा आणि ‘निराळ्या वाटे’चा अर्थ शोधताना जे वाचनात आले, ते समाजातील इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल या हेतूने इथे मांडतो आहे.

या रोगाची कथा जर्मनीत सुरू होते. १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. पतीविषयीचा विनाकारण मत्सर हे तिच्या आजाराचे आरंभीचे लक्षण होते. १९०६ मध्ये ती वारली. तेव्हा म्युनिकमध्ये असलेल्या डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू मागवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यांना दोन गोष्टी आढळल्या: पेशींच्या बाहेर साचलेला पुटासारखा थर आणि पेशींच्या आत गुंतलेल्या धाग्यांच्या गाठी. थर अमायलॉइड या प्रथिनाचा आणि गाठी टाऊ या प्रथिनाच्या, हे कळायला पुढे कित्येक दशके जावी लागली. त्याच वर्षीच्या ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले, पण त्यावर चर्चादेखील झाली नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले.

अल्झायमर यांनी १९११ मध्ये दुसरा रुग्ण सविस्तर वर्णिला. तो होता योहान नावाचा ५६ वर्षांचा मजूर. १९९० च्या दशकात म्युनिकमध्ये या दोन्ही मेंदूंच्या जुन्या काचपट्ट्या सापडल्या आणि त्या नव्याने तपासण्यात आल्या. ऑगुस्टेच्या मेंदूत थर आणि गाठी दोन्ही होत्या. योहानच्या मेंदूत थर विपुल होते, गाठी मात्र आढळल्या नाहीत. ज्या दोन माणसांवरून या रोगाची ओळख पटली त्यांचेच मेंदू एकमेकांसारखे नव्हते! एकाच नावाच्या खात्यात निरनिराळ्या रकमा जमा होण्याची सुरुवात ही अशी पहिल्याच पानापासून झालेली आहे.

हे दोन्ही रुग्ण पन्नाशीतले होते, त्यामुळे अल्झायमर हा प्रौढ वयातला दुर्मीळ रोग मानला गेला. म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याला ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देत. १९७६ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट कॅट्झमन यांनी दोन्ही एकच असल्याचे आग्रहाने मांडले, आणि तेव्हापासून संशोधनाला खरा वेग आला. १९९१ मध्ये हायको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने ८३ मेंदू तपासून गाठींच्या प्रवासाचे टप्पे निश्चित केले. हे दोघेही फ्रँकफुर्टचेच, हा योगायोगही पाहण्याजोगा आहे. त्यांच्या मांडणीनुसार गाठी आधी कानामागच्या खोल भागात, हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावर दिसतात. मग त्या हिप्पोकॅम्पसमध्ये शिरतात आणि अखेरीस मेंदूच्या बाहेरच्या सालीवर पसरतात. हिप्पोकॅम्पस ही नव्या आठवणी नोंदवून घेणारी जागा. आपल्या भाषेत सांगायचे तर तो मेंदूचा रोजमेळच. रोजची नोंद आधी इथे होते, खतावणी नंतर अन्यत्र. म्हणून बहुतेक रुग्ण आधी कालचे विसरतात आणि लहानपणचे त्यांच्या मनात टिकून राहते.

मात्र सगळे नव्हे. अमेरिकेत जॅक्सनव्हिल येथील मेयो क्लिनिकच्या मेंदूपेढीत अल्झायमरने ग्रासलेले ८८९ मेंदू जमा होते. मेलिसा मरे, डेनिस डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील हिप्पोकॅम्पसमधल्या आणि सालीच्या तीन भागांतल्या गाठी अक्षरशः मोजून त्यांचे गुणोत्तर काढले. २०११ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. ७५ टक्के मेंदूंत गाठींची वाटणी नेहमीच्या पठडीतली होती. १४ टक्क्यांत त्या मुख्यत्वे हिप्पोकॅम्पसमध्ये एकवटल्या होत्या आणि साल पुष्कळशी वाचली होती. उरलेल्या ११ टक्क्यांत नेमके उलटे चित्र होते. सालीत गाठींचा खच, आणि हिप्पोकॅम्पस त्या मानाने सुरक्षित.

या वाटणीला चेहरे आहेत. हिप्पोकॅम्पस वाचलेल्या गटात पुरुष अधिक, आजार लवकर लागलेला, उतरण वेगाची, आणि मृत्यूचे सरासरी वय ७२. हिप्पोकॅम्पसपुरता आजार असलेल्या गटात स्त्रिया अधिक, उतरण सावकाश, आणि मृत्यूचे सरासरी वय ८६. नेहमीच्या गटाचे सरासरी वय ७९. आकडे वाचता वाचता माझ्यासमोर दादीजी आणि काकाजी उभे राहिले. माय-लेकांना एकाच नावाचा आजार, पण मेंदूतील वस्तीच्या जागा वेगळ्या.

अमायलॉइडचा थर सर्व प्रकारांत साधारणपणे सारखाच सर्वदूर पसरलेला असतो. लक्षणे ठरतात ती गाठी कुठे आहेत यावर. त्या मागच्या भागात असतील तर डोळे निकोप असूनही दृष्टीचा अर्थ लागत नाही. अमेरिकेतील डॉ. फ्रँक बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये या विकाराला ‘पोस्टीरिअर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफी’ हे नाव दिले. इंग्रजी कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांनी २००७ मध्ये स्वतःला तो झाल्याचे जाहीर केले, आणि टंकलेखन अवघड झाल्यावर मजकूर तोंडी सांगून पुस्तके पुरी केली. गाठी डाव्या बाजूच्या भाषाकेंद्राजवळ असतील तर शब्द ओठांवर येऊन अडतात. पुढच्या भागात असतील तर वागणूक बदलते. आयुष्यभर काटकसरीने राहिलेला माणूस अकारण खर्च करू लागतो, आणि घरच्यांना तो स्वभावाचा दोष वाटतो.

आता यासाठी मरणाची वाट पाहावी लागत नाही. टाऊ दाखवणाऱ्या पेट तपासणीने जिवंत माणसाच्या मेंदूतील गाठींचा नकाशा मिळतो. २०२१ मध्ये अशा हजारावर व्यक्तींच्या तपासण्यांमधून चार निराळे आकृतिबंध निघाले, आणि त्यांतील कोणताही एक बहुसंख्य नव्हता. म्हणजे ज्याला आपण ‘नेहमीचा’ म्हणतो तोही अनेकांपैकी एकच. वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. ऐंशीच्या पुढे टीडीपी-४३ नावाचे तिसरेच प्रथिन हिप्पोकॅम्पसचा नाश करून हुबेहूब अल्झायमरचे सोंग घेऊ शकते, हे २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने स्वतंत्र नाव देऊन मांडले. दादीजींना नेमके काय होते, हे आता कोण सांगणार!

नवी औषधे आल्यापासून हा भेद केवळ पुस्तकी राहिलेला नाही. अमायलॉइडचा थर हटवणारी डोनानेमॅबसारखी औषधे रोग थांबवत नाहीत, त्याची गती काहीशी मंदावतात. २०२३ च्या चाचणीत गाठींचे प्रमाण अजून कमी असलेल्या रुग्णांना तिचा लाभ अधिक झाला. ज्याचे निदान चष्मा बदलण्यातच दोन-तीन वर्षे लांबते त्याच्या वाट्याला ती वेळ येतच नाही.

आपल्या देशात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना, कोणता ना कोणता स्मृतिभ्रंश असल्याचा राष्ट्रव्यापी पाहणीचा निष्कर्ष आहे. खेड्यांत हे प्रमाण शहरांहून अधिक आहे. मेंदूंचा अभ्यास मात्र मोजक्या ठिकाणी होतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे, आणि मृत्यूनंतर काही तासांच्या आत कुटुंबाच्या संमतीने तिथे मेंदूदान करता येते. कर्नाटकातल्याच कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर तालुक्यातील खेडुतांच्या मेंदूंचा जिवंतपणी, वर्षानुवर्षे मागोवा घेणारा अभ्यास सुरू आहे. हैदराबादच्या डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी २०१३ मध्ये ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडल्याचे दिसले, निरक्षरांनाही. चार भाषांत व्यापार करणाऱ्या काकाजींना तो अठ्ठावन्नाव्या वर्षीच गाठून गेला, हा भाग वेगळा. सरासरीत एकटा माणूस बसत नाही.

व्यापारी कुटुंबांसाठी दोन गोष्टी आवर्जून नमूद करतो. हिशेब चुकणे, जिन्याच्या पायऱ्यांचा अंदाज न येणे, शब्द अडणे किंवा वागणूक पालटणे ही लक्षणे विसराळूपणाशिवायही येऊ शकतात. डोळ्यांचा अहवाल निर्दोष आला आणि तक्रार उरलीच, तर मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा. त्यापूर्वी ब-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्यावे. ब-१२ ची उणीव आपल्या शाकाहारी घरांत सर्रास आढळते, ती स्मृतिभ्रंशासारखीच लक्षणे दाखवते आणि वेळेत कळली तर औषधाने भरून निघते. दुसरे, निदान होताच बँकेचे, सह्यांचे आणि भागीदारीचे व्यवहार त्या व्यक्तीला समजत आहेत तोवर, तिच्या समक्ष आणि तिच्या संमतीने मार्गी लावावेत.

नागपूरहून परतल्यावर बाबूजी तीन दिवस कोणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी जुने रोजमेळ काढले आणि भिंतीपलीकडे काकाजींजवळ जाऊन बसले. बाबूजी एकेक नाव वाचत, काकाजी डोळे मिटून रक्कम सांगत. “तीनशे चाळीस.” वहीत ३४. “बाराशे.” वहीत १२०. घर चुकलेला एकेक आकडा आपल्या घरी परतू लागला. हे काम महिनाभर चालले. फरक जवळजवळ सगळा मिटला. उरली थोडीशी रक्कम, चुकीच्या मोडीत गेलेली असावी. ती बाबूजींनी बट्टेखाती टाकली.

काकाजी पुढे सहा वर्षे होते. अखेरच्या दोन वर्षांत आठवणींचाही रोजमेळ बंद पडला. त्यांचा मेंदू कोणी तपासला नाही. चिचगडहून बंगळूर फार दूर, आणि आम्हाला ते सुचलेही नाही, त्यामुळे डॉक्टरांचा ‘बहुधा’ तसाच राहिला. भिंत मात्र पहिल्याच पावसाळ्यापूर्वी पाडली होती. तिथल्या फरशीत अजून एक वेगळ्या रंगाची पट्टी दिसते.