दोन गाण्यांच्या मधली जागा
(रेडिओच्या गोष्टी : भाग ९)

गेल्या भागात शॉर्टवेव्हबद्दल लिहिलं होतं. त्याच पट्ट्यावर रेडिओ सिलोन शोधताना सुई जरा पुढे गेली, तर रात्री एक खर्जातला आवाज लागायचा. इंग्रजीतला, पण इतका सावकाश की आपल्याकडच्या मॅट्रिकच्या पोरालाही निम्मं कळावं. तो विलिस कोनोव्हर. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर जानेवारी १९५५मध्ये त्याने जॅझचा कार्यक्रम सुरू केला आणि १९९६ साली वारला तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त, तो चालवला. सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनचं ‘टेक द ए ट्रेन’, मग हा आवाज. १९५९ साली तो पोलंडला गेला तेव्हा वॉर्साच्या विमानतळावर लोकांनी गर्दी केली होती. त्याच्या स्वतःच्या देशात मात्र त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं, कारण १९४८च्या कायद्याने हे सरकारी प्रक्षेपण खुद्द अमेरिकेत ऐकवायला बंदी होती.

तो सावकाश बोलायचा ते श्रोत्यांचं इंग्रजी बेताचं असायचं म्हणून. शॉर्टवेव्हचा स्वभावही असा, की आवाज मध्येच बुडतो आणि पुन्हा वर येतो. घाईने बोललेलं वाक्य त्यात वाहून जातं. छोटी वाक्यं, कोण वाजवतंय त्याचं पूर्ण नाव, वाद्य, आणि मग संगीत. निवेदकाने एवढं केलं तरी पुष्कळ झालं, असं माझं मत. हल्लीचे निवेदक ‘चला तर मग, जाऊया सुरांच्या सफरीवर’ म्हणत अर्धा मिनिट खातात आणि ट्रम्पेट कुणी वाजवलं ते सांगतच नाहीत.

आता आजचा मुद्दा. जॅझ घ्यायचा, त्यात राग, लोकसंगीत, सिनेमाचं गाणं मिसळायचं, असा तासाभराचा कार्यक्रम बांधायचा तर कसा? नुसतं वेगवेगळं एकत्र टाकलं की झाली भेळ, आणि भेळ कुणीही करतो. निवेदकाचं खरं काम दोन तुकड्यांच्या मधे असतं. आधीच्यातलं काहीतरी पुढच्यात आहे, हे त्याच्या कानाला आधी कळलं पाहिजे.

जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचं उदाहरण घ्या. १९५८ साली अमेरिकन सरकारने त्याला दौऱ्यावर पाठवलं. मुंबईत त्याची गाठ सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी पडली, दोघांनी मिळून वाजवलंही. त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने नऊ मात्रांची एक लय ऐकली आणि त्यातून ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’ तयार झालं. १९५९च्या ‘टाइम आउट’ या रेकॉर्डवर ते आहे. मांडीवर टाळी धरून पाहा : दोन, दोन, दोन, तीन. तीनवर पाय अडखळतो, तिथेच गंमत आहे. जॅझ ‘कळत नाही’ म्हणणाऱ्या माणसालाही ही मोजणी लगेच जमते, कारण झपतालात दोन-तीन, दोन-तीन मोजायची सवय आपल्या कानाला आहेच. याच्या पाठोपाठ झपतालातली एखादी बंदिश लावा. मधे एकच वाक्य बोला : ‘तीन कुठे येतात ते ऐका.’

दुसऱ्या वेळी एखादं माणूसच दोन तुकडे जोडतं. पुणतांब्याचे आमचे संगीतकार सी. रामचंद्र. ‘अलबेला’ (१९५१) हा सिनेमा करताना त्यांच्याकडे ट्रम्पेटवर होता चिक चॉकलेट. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं आल्दोना. मुंबईच्या ताजमध्ये बँड वाजवायचा आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. म्हणजे आधी आर्मस्ट्राँग, मग ‘अलबेला’. एवढा क्रम लावला तरी अमेरिका ते गोवा, गोवा ते मुंबईचा स्टुडिओ हा रस्ता श्रोत्याला आपोआप सापडतो, त्यावर भाषण लागत नाही. त्यापुढे शंकर-जयकिशन यांची ‘राग जॅझ स्टाइल’ (१९६८) ही रेकॉर्ड चालेल. अकरा राग, सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. ती मला काही ठिकाणी गुळगुळीत वाटते, पण मालकंस चालू झाला की तक्रार करवत नाही.

आता आमच्या शिरपुरात या. इथे जॅझ कुठून आणायचा? लग्नसराईत वरात निघते तेव्हा बँडवाला क्लॅरिनेट वर धरतो आणि चाल सरळ वाजवतो. घोड्यापुढच्या पोरांचं नाचणं संपलेलं नसतं. कुणीतरी ओरडतं, ‘आखो एकदाव!’ (पुन्हा एकदा!) मग तो शेवटची ओळ ताणतो, एक सूर धरून ठेवतो, खाली घसरतो, पुन्हा चढतो. ड्रमवाला त्याच्या तोंडाकडे पाहत काठी अडवून धरतो. चाल ठरलेली, भरण ज्याचं त्याचं. गवई याला उपज म्हणतात, आणि जॅझचा जीवही तोच. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरून मिरवणाऱ्या ब्रास बँडांच्या मांडीवरच जॅझ वाढला. आपले बँड आले गोऱ्यांच्या पलटणींच्या मागून. वाद्यांचं घराणं एकच.

डीजेने हे बँड मागे रेटले आहेत. म्हणूनच एखादी वरात मोबाइलवर नीट रेकॉर्ड करून ठेवा, बँडमास्तरांची परवानगी घेऊन. कार्यक्रमात तिच्या मागोमाग एलिंग्टनची ‘फार ईस्ट स्वीट’ (१९६७) लावता येते. १९६३ साली तो मंडळींसह भारतात आला होता, आणि दिल्लीत ऐकलेल्या मैनेवरून त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न याने ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ रचलं. मैनेचा आवाज काढतो जिमी हॅमिल्टनचा क्लॅरिनेट. वरातीतला क्लॅरिनेट संपला की दोन सेकंद काही बोलू नका. ती शांतता भरायची हौस फार महागात पडते. मग हॅमिल्टनचा लावा.

कोनोव्हर १९७८ साली मुंबईला आला होता. धोबीतलावच्या रंगभवनात पहिला ‘जॅझ यात्रा’ महोत्सव भरला, सॉनी रॉलिन्स वाजवून गेला, आणि मंचावरून नावं पुकारायला हाच आवाज होता. जॅझ यात्रा शिरपूरपर्यंत आली नाही, पण रेडिओ येऊ शकतो. २००६च्या धोरणापासून सामुदायिक रेडिओचा परवाना शिक्षणसंस्थांसोबत नोंदणीकृत सेवाभावी संस्थांनाही मिळतो. शंभर वॅटचं प्रक्षेपण दहा-पंधरा किलोमीटर जातं; शहर आणि आजूबाजूची खेडी त्यात बसतात. आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जा. परवाना मिळायला वेळ लागतो, तोवर तासाभराची यादी तयार ठेवा, आणि प्रत्येक दोन गाण्यांच्या मधे काय बोलणार ते एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य सुचत नसेल तर ती दोन गाणी शेजारी ठेवू नका.

पुढच्या भागात विविध भारती.