व्हॅरिकोसील : अंतर्कीलन-द्रव्यांची निवड

वृषणातील रक्त परत नेणाऱ्या नीलांचे जाळे फुगून वेडेवाकडे होण्याच्या विकृतीस व्हॅरिकोसील म्हणतात. प्रौढ पुरुषांपैकी सु. १५ टक्क्यांत ती आढळते व बहुधा डाव्या बाजूस असते. डावी वृषणनीला मूत्रपिंडाच्या नीलेस जवळजवळ काटकोनात मिळते. तिच्यातील झडपा निकामी झाल्यास रक्त उलटे खाली उतरते. वेदना, वृषणाचा आकार घटणे किंवा वंध्यत्व व त्यासोबत शुक्राणूंतील दोष असेल, तरच उपचार करतात. अपत्यहीन जोडप्यात केवळ स्त्रीचीच तपासणी करण्याचा प्रघात म्हणूनच चुकीचा ठरतो.

नीला शस्त्रक्रियेने बांधण्याऐवजी आतून बंद करण्याच्या क्रियेस अंतर्कीलन म्हणतात. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती प्रचारात आली. मानेतील वा जांघेतील नीलेतून बारीक नळी क्ष-किरणांच्या साहाय्याने वृषणनीलेत नेतात. मात्र वृषणनीला ही एकच सरळ वाहिनी क्वचितच असते. तिला समांतर उपनीला असतात व मुख्य नीला बंद झाली, तरी रक्त त्यांतून वळसा घेऊन उतरते. विकृती पुन्हा उद्‌भवण्याचे हे प्रमुख कारण असून द्रव्याची निवड मुख्यतः यावरच अवलंबून असते.

प्लॅटिनम वा पोलाद यांच्या तारेची वेटोळी नेमक्या जागी बसतात. पण ती तेवढीच जागा बंद करतात. वेटोळे नीलेच्या व्यासापेक्षा थोडे मोठे घ्यावे लागते, अन्यथा ते सुटून फुप्फुसाकडे जाऊ शकते. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, पोलिडोकॅनॉल यांसारखी काठिण्यकारक द्रव्ये नीलेचे अस्तर जाळतात आणि फेसाच्या रूपात उपनीलांतही शिरतात. त्यांची किंमतही कमी असते. ती वृषणाजवळच्या जाळ्यात उतरल्यास तेथे दाह होतो. म्हणून टोचताना जांघेवर दाब ठेवतात. सायानोॲक्रिलेट हा चिकट द्रव रक्ताशी संपर्क येताच घट्ट होतो व उपनीलाही बुजवतो. परंतु नळी त्वरेने न काढल्यास ती आत चिकटते, तेव्हा तो सरावलेल्या हातीच शोभतो. उपनीला पुष्कळ असल्यास खाली व वर वेटोळी आणि मधे फेस, ही जोड अधिक भरवशाची वाटते.

रुग्णाची परिस्थितीही पाहावी लागते. अंतर्कीलनाची यंत्रसामग्री मोठ्या शहरांतील रुग्णालयांत असते. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा या डोंगराळ तालुक्यांतील रुग्णाला त्यासाठी नासिक वा मुंबई गाठावी लागते. जव्हारहून नासिकच सु. ८० किमी. आहे. येथील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीस जातात. अशा रुग्णाला दुसरी खेप म्हणजे प्रवासखर्च व बुडालेली मजुरी. तेव्हा केवळ स्वस्त द्रव्यापेक्षा एकाच खेपेत उपनीलांसह मार्ग बंद करणारी जोड त्याला परवडते. नंतर काही दिवस ओझे उचलणे टाळावे लागते. शुक्राणू तयार होण्यास अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागत असल्याने वीर्याची फेरतपासणी तीन महिन्यांनंतर करतात. तिची तारीख स्थलांतराचा काळ विचारूनच ठरवावी.