भातुकलीतला पंचनामा

बार्बरा बार्न्स स्वयंपाकघरात जमिनीवर पडली आहे. सिंकमध्ये काही सोललेले, काही न सोललेले बटाटे. गॅसच्या शेगडीची बटणं उघडी आणि दारांच्या फटींत वर्तमानपत्राचे कागद कोंबलेले. नवऱ्याचा जबाब असा : ११ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास बायकोच्या कामासाठी तो गावात गेला आणि दीडेक तासाने परतला. जाताना स्वयंपाकघराचं बाहेरचं दार उघडं होतं, आल्यावर बंद मिळालं. पुढचं दारही लागलेलं. खिडकीतून डोकावल्यावर बायको पडलेली दिसली, म्हणून त्याने पोलिसांना बोलावलं.

आपल्याकडच्या ठाणे अंमलदाराने अशा प्रकरणात आधी ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद केली असती आणि पंच बोलावले असते. इथे मात्र पंच उभे राहायला जागा नाही, कारण बार्बरा वीतभरसुद्धा उंच नाही. ती एक बाहुली आहे. तिचं स्वयंपाकघर काचेच्या पेटीत मावतं आणि आत सगळं एका फुटाला एक इंच या मापाने बनवलेलं आहे. अशी अठरा घरं, खोल्या आणि गोठे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, मेरीलँड राज्याच्या मुख्य वैद्यकीय तपासनिसांच्या कार्यालयात ठेवलेले आहेत. ‘नटशेल स्टडीज ऑफ अनएक्सप्लेन्ड डेथ’ हे त्यांचं नाव. मृत्यूच्या तपासाचं शिक्षण घेणारे पोलीस ऐंशी वर्षांपासून या पेट्यांसमोर उभे राहून डोकं खाजवत आले आहेत.

ही भातुकली मांडली फ्रान्सिस ग्लेस्नर ली या बाईंनी. जन्म १८७८, शिकागो. वडील शेतीची यंत्रं बनवणाऱ्या ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ कंपनीचे एक मालक, त्यामुळे घरात पैशाला तोटा नव्हता. भाऊ हार्वर्डला गेला. हिने मात्र घरीच मास्तरांकडून शिकायचं, भरतकाम-विणकाम करायचं आणि वेळेवर लग्न करायचं, असा शिरस्ता होता. लग्न झालं, तीन मुलं झाली, १९१४ साली घटस्फोटही झाला. भावाचा हार्वर्डमधला मित्र जॉर्ज मॅग्राथ पुढे बॉस्टनचा वैद्यकीय तपासनीस झाला. त्याच्या तोंडून खुनांच्या, फसलेल्या तपासांच्या, सुटलेल्या गुन्हेगारांच्या गोष्टी ऐकता ऐकता लीबाईंना या विषयाचं वेड लागलं. पन्नाशी उलटल्यावर हातात स्वतःचा पैसा आला, तेव्हा १९३१ साली त्यांनी हार्वर्डमध्ये न्यायवैद्यकाचा विभाग सुरू करायला देणगी दिली. पुढे ग्रंथालय दिलं आणि १९३६ साली आणखी अडीच लाख डॉलर दिले. ज्या विद्यापीठाच्या वर्गात त्यांना बाई म्हणून बसता आलं नसतं, त्याच विद्यापीठात त्यांनी एक विषय उभा केला. १९४३ साली न्यू हॅम्पशायरच्या पोलीस दलाने त्यांना कॅप्टन हा हुद्दा दिला. त्यानंतर ‘कॅप्टन ली’ अशी हाक त्यांना आवडायची म्हणतात. आवडणारच.

हे वेड श्रीमंताघरच्या बाईचा छंद म्हणून मोडीत काढण्यासारखं नव्हतं. त्या काळी अमेरिकेच्या बऱ्याच भागांत संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर करायचा. हा माणूस निवडणुकीतून यायचा, त्याला वैद्यकाचं शिक्षण असलंच पाहिजे असं नव्हतं. मॅसॅच्युसेट्सने ही पद्धत १८७७ मध्येच बंद करून डॉक्टर नेमले होते, इतर राज्यं मागे होती. (इंग्रजांनी आपल्याकडेही कॉरोनर आणला होता. मुंबईतून तो गेला थेट १९९९ साली.) पण डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याच्याआधी घटनास्थळी पोहोचतो तो गस्तीवरचा शिपाई. त्याने प्रेत हलवलं, पिस्तूल उचलून पाहिलं, रक्तावर पाय दिला, की पुढची सगळी प्रयोगशाळा आंधळी. लीबाईंना शिकवायचं होतं ते या पहिल्या माणसाला. आता त्याला खऱ्या खुनाच्या जागी नेऊन सराव देता येत नाही. वर्ग भरवावा म्हणून खून काही वेळापत्रकाने होत नाहीत, आणि झालाच तर वीस विद्यार्थी आत सोडले की पुराव्याची माती होते. मग खोलीच वर्गात आणायची.

न्यू हॅम्पशायरमधल्या ‘द रॉक्स’ या आपल्या मळ्यावर लीबाईंनी कामाला सुरुवात केली. राल्फ मोशर नावाचा सुतार सोबतीला होता, पुढे त्याचा मुलगा आल्टन. वर्षाला दोन-तीन पेट्या व्हायच्या आणि एकेका पेटीचा खर्च त्या काळच्या खऱ्या घराइतका यायचा. दाराची कुलपं लागतात, उंदराचा सापळा मिटतो. बाहुल्यांचे पायमोजे बाईंनी स्वतः टाचण्यांएवढ्या सुयांवर विणले. चिमुकल्या सिगारेटी तंबाखू भरून वळल्या आणि टोकं जाळून विझवली. हा काटेकोरपणा हौसेपोटी नव्हता. पेटीत एक जरी गोष्ट ‘अशीच ठेवली’ असेल, तर विद्यार्थी कशाकडेही बोट दाखवून ‘हे तर खेळण्यातलं’ म्हणून सुटका करून घेईल. प्रसंग खऱ्या प्रकरणांवरून घेतले होते, पण नावं, तारखा आणि तपशील बदलून, दोन-तीन प्रकरणं एकमेकांत मिसळून.

१९४५ पासून हार्वर्डमध्ये वर्षातून दोनदा आठवड्याचा वर्ग भरू लागला. राज्याराज्यांतून निवडक पोलीस यायचे. शेवटी रिट्झ-कार्लटन हॉटेलात जेवण, तेही बाईंच्या देखरेखीखाली, मांडामांडीसकट. पेरी मेसनच्या कथा लिहिणारा अर्ल स्टॅन्ली गार्डनर या वर्गाला येऊन बसला आणि त्याने एक पुस्तक लीबाईंना अर्पण केलं. पेटीपुढे मिळायची ती नव्वद मिनिटं, एक टॉर्च, एक भिंग आणि साक्षीदाराच्या जबाबाचा कागद. खोली डावीकडून पाहायला घ्यायची, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं, प्रेताकडे शेवटी. नवखा तपासनीस उलटं करतो. तो आधी प्रेत पाहतो, मनात गोष्ट रचतो आणि मग त्या गोष्टीला साजेशा वस्तू खोलीत शोधत बसतो.

बार्बराच्या स्वयंपाकघरात हे नीट कळतं. तिच्या बाहुलीचा चेहरा लालसर गुलाबी रंगवलेला आहे. त्या काळचा शहरी गॅस कोळशापासून काढलेला असायचा आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असायचा. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि त्वचेवर असा रंग चढतो. हा झाला शरीराने दिलेला पुरावा. तो ठामपणे सांगतो की मृत्यूपूर्वी हा गॅस श्वासातून आत गेला. बटण कोणी फिरवलं, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. फटींतले कागद हा वस्तुरूप पुरावा. ते आतून कोंबले की बाहेरून, कोणत्या दाराला आहेत, कोणत्या दाराला नाहीत, हे भिंग लावून पाहायचं. बटाटे हा परिस्थितिजन्य पुरावा : संध्याकाळच्या जेवणाची तयारी करणारी बाई मधेच उठून जीव देईल का? इथे विद्यार्थी हमखास घसरतो. ‘नाहीच देणार’ असं तो म्हणतो आणि नवऱ्याला मनातल्या मनात बेड्या घालतो. पण माणसं अर्धवट कामं टाकून जीव देतात, हे कुठलाही अनुभवी हवालदार सांगेल. बटाट्यांनी शंका उभी राहते, सिद्ध काही होत नाही. आणि नवऱ्याचा जबाब? त्यातून सिद्ध होतं ते एवढंच, की नवरा असं म्हणाला.

दुसऱ्या एका पेटीत अंधारी न्हाणी आहे. मॅगी विल्सन टबात पडली आहे, नळाचं पाणी तोंडावर पडतंय, आणि दोन्ही पाय टबाच्या काठावरून बाहेर, ताठ, हवेत. आता या पायांपुरतं बोलू. मृत्यूनंतर शरीर आधी सैल पडतं. साधारण दोन-चार तासांत ताठरायला लागतं, पूर्ण ताठायला आणखी काही तास जातात आणि त्यानंतर दीडेक दिवसात ते पुन्हा सैल होतं. नुकतंच गेलेलं माणूस असतं तर पाय काठावरून लोंबले असते. ते अधांतरी ताठ आहेत. म्हणजे जीव जाऊन तास लोटले आहेत, आणि पाय ताठरत असताना त्यांना खालून कशाचा तरी आधार होता. टबाबाहेर तर आधार नाही. इतकं निरीक्षण आणि एक शरीरशास्त्रातला नियम, या दोहोंतून ‘आत्ताच घसरून पडली’ ही शक्यता बाद होते. निगमन म्हणतात ते हेच, आणि त्याचा आवाका एवढाच. शेरलॉक होम्स बुटावरचा चिखल पाहून माणसाचा गाव सांगतो. ते बहुतेक वेळा निगमन नसतं, उत्तम अंदाज असतो, आणि लेखक बाजूने असल्यामुळे तो खरा ठरतो.

गोठ्याची पेटी मला सगळ्यांत अवघड वाटते. एबेन वॉलेस नावाचा तापट शेतकरी फासाला लटकलेला आहे. बायको सांगते, मनासारखं झालं नाही की तो गोठ्यात जाऊन बादलीवर उभा राहायचा, गळ्यात दोर अडकवायचा आणि मरतो म्हणायचा, मग तिने समजूत काढायची. त्या दिवशी बादली जागेवर नव्हती. तो लाकडी खोक्यावर चढला आणि खोक्याची फळी मोडली. आत्महत्या, अपघात की खून? दोर, गाठ, मोडलेली फळी, प्रेताची उंची हे सगळं तिन्ही कहाण्यांत बसवून पाहावं लागतं. आणि बादलीची सवय आपल्याला ठाऊक झाली आहे ती फक्त बायकोच्या तोंडून.

पुरावा एखाद्या गोष्टीच्या बाजूने किती बोलतो यापेक्षा इतर गोष्टी किती बाद करतो, हे पाहायचं असतं. बंदुकीच्या गोळीचा व्यास सांगतो की ती अमुक जातीच्या बंदुकीतून सुटली, आणि तशा बंदुका हजारो असतात. गोळीवरचे ओरखडे एखाद्या नळीशी जुळले तर वर्तुळ फार आवळतं. विद्यार्थ्याने ‘जुळतं’ म्हटलं की शिक्षकाने ‘आणखी कशाकशाशी जुळतं?’ असं विचारायचं.

हाच प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पुण्याच्या एका खटल्यात विचारला. सायनाइडने एका विवाहितेचा मृत्यू झाला होता, खून की आत्महत्या हा वाद होता. खालच्या न्यायालयाने दिलेली फाशी मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं. न्यायमूर्ती फजल अली यांनी त्या निकालपत्रात परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटलं : प्रत्येक दुवा पूर्ण शाबीत हवा, तो फक्त आरोपीच्या दोषाशीच सुसंगत हवा, निर्णायक हवा, दुसरी प्रत्येक शक्यता वगळणारा हवा, आणि साखळी कुठे तुटलेली नको. आजही देशभरातल्या न्यायालयांत ही पंचशीलं उद्धृत होतात. लीबाईंच्या वर्गात ती पाठ करून घेतली असती तर कोणाला नवल वाटलं नसतं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं आहे आणि चित्रीकरण व्हायचं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. चांगलंच आहे. पण कॅमेरा कुठे रोखायचा हे ठरवणारा माणूस तोच, घटनास्थळी आधी पोहोचलेला पोलीस, राहतो, आणि त्याचा पंचनामा ‘प्रेत उताणे स्थितीत मिळून आले’ या छापील वळणाने सुरू होऊन त्याच वळणाने संपतो. घरातल्या बटाट्यांची त्यात नोंद होते का, असा प्रश्न या पेट्या पाहून पडतो.

या पेट्यांबद्दल एक गोष्ट बोलली जाते आणि ती मला पटते. खोल्या बहुतेक गरिबांच्या किंवा बेताच्या घरांतल्या आहेत, आणि मेलेल्यांत बायका पुष्कळ. शिकागोच्या दगडी वाड्यात वाढलेल्या बाईने भाड्याच्या खोल्यांतला कळकट वॉलपेपर इतक्या मन लावून रंगवावा, यात दया किती आणि कुतूहल किती ते सांगता येत नाही. पण बायकांच्या मृत्यूची चौकशी घाईने मिटते हे तिला ठाऊक असावं. स्वयंपाकघरात काय कुठे असतं हे पुरुष तपासनिसाला कळत नाही, हे तर नक्कीच ठाऊक होतं.

लीबाई १९६२ साली गेल्या. देणगीदार गेल्यावर हार्वर्डचा रस पाच वर्षांतच आटला आणि १९६७ मध्ये विभाग बंद झाला. मेरीलँडचे तेव्हाचे मुख्य वैद्यकीय तपासनीस रसेल फिशर यांनी पेट्या बाल्टिमोरला आणल्या. तिथे लीबाईंच्या नावाने तो वर्ग अजून भरतो. उत्तरं कुलपात आहेत, कारण पेट्या अजून परीक्षेला वापरतात.

२०१७ च्या ऑक्टोबरात त्या प्रथमच एकत्र लोकांसमोर आल्या, वॉशिंग्टनच्या रेनविक कलादालनात. जुने बल्ब उष्णतेने पेट्यांतल्या वस्तू खराब करत होते. दुरुस्ती करणाऱ्यांनी त्या जागी एलईडी बसवले, पण उजेड जुन्या बल्बसारखाच पिवळा राहील अशा बेताने, कारण लीबाईंच्या खोलीत दिव्याचा प्रकाश हाही पुराव्याचाच भाग आहे. लोक रांगा लावून आले आणि काचेला नाक लावून एकमेकांना खुनी सांगू लागले. उत्तरं तिथेही लावली नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये प्रदर्शन आटोपलं. अठरा पेट्या बाल्टिमोरला वर्गात परतल्या आणि नंतर सापडलेली एकोणिसावी न्यू हॅम्पशायरला.